ग्लासात नेमकं किती? छोट्या ब्रुअरीबद्दलचे गैरसमज

मीरा रोड-भाईंदरकरांना परमिट रूम काही नवी नाही. काशिमीऱ्याला हायवेवर आलं की त्यांच्या पाट्या दिसतातच. छोट्या ब्रुअरीची टॅपरूम, म्हणजे तिची बिअर नळातून देणारी जागा, मात्र अजून अनेकांना परकी वाटते. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’पासून झाली, पुढे ‘डूलाली’ अंधेरीतही आली, डोंबिवलीत ‘गेटवे’ने बिअर बनवायला घेतली. टॅपरूममध्ये पहिल्यांदा जाणारा माणूस सोबत जे समज घेऊन जातो, त्यातले काही निरुपद्रवी आहेत, काही धोक्याचे.

सगळ्यात धोक्याचा समज असा, की बिअर हलकी असते, ती दारूत मोजायची नाही. हिशेब करून पाहा. ५ टक्क्यांच्या ५०० मिलि बिअरमध्ये २५ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलिच्या पेगमध्ये ते साधारण १३ मिलि असतं. म्हणजे एक मोठा ग्लास जवळजवळ दोन पेगांच्या बरोबरीला जातो. दुकानातली ८ टक्क्यांची ६५० मिलिची स्ट्राँग बाटली तर चार पेगांच्या घरात पोचते. टॅपरूमच्या फळ्यावर प्रत्येक बिअरसमोर टक्केवारी लिहिलेली असते. ऑर्डर देण्याआधी तो आकडा वाचायची सवय लावून घ्यावी, असं मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

रंगावरून कडकपणा ओळखता येतो, हेही खरं नाही. स्टाउट प्रकारची बिअर काळी दिसते ती खरपूस भाजलेल्या बार्लीमुळे. आयर्लंडची प्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट इतकी काळी असूनही जेमतेम ४.२ टक्क्यांची आहे.

“गढूळ आहे, खराब झाली असणार” आणि “केळ्याचा वास येतोय, इसेन्स घातलाय” ही दोन वाक्यं गव्हाच्या बिअरसमोर हमखास ऐकू येतात. जर्मन धाटणीची हेफेवाइझन न गाळताच देतात. गव्हातली प्रथिनं आणि तरंगत राहिलेलं यीस्ट यांमुळे ती धुरकट दिसते. केळ्याचा आणि लवंगेचा वास त्या यीस्टच्या विशिष्ट जातीतून येतो. साखरेचं अल्कोहोल करता करता ते हे सुगंधी पदार्थही तयार करतं. टाकीत ना केळं पडलेलं असतं, ना लवंग. उत्तन-वसई पट्ट्यात ज्यांनी ताडी पाहिली आहे त्यांना हे चटकन पटेल. सकाळचा गोड रस उन्हं चढेपर्यंत आंबतो, फेसाळतो, त्याचा वास पालटतो, तो मुख्यतः आपोआप शिरलेल्या यीस्टमुळे. ब्रुअर तेच काम निवडक यीस्टकडून, तापमान सांभाळून करून घेतो. एल जातीची बिअर १५ ते २४ अंशांत आंबते, लागर त्याहून थंडाव्यात आणि सावकाश. हे सगळे वास अनुभवायचे असतील तर बर्फगार बिअरचा हट्ट सोडावा, कारण जीभ बधिर झाली की काहीच कळत नाही. विचारलं तर बहुतेक ठिकाणी घोटभर चाखायला देतात; लाजू नये.

“बिअर प्या, मुतखडा पडेल” हा सल्ला तर घराघरांत मिळतो. लघवी वाढते हे खरं, पण ते काम पाणीही करतं. बिअरने युरिक ॲसिड वाढतं आणि एका प्रकारचा मुतखडा त्यातूनच होतो. खड्याचं दुखणं डॉक्टरांकडेच न्यावं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

टॅपरूम कॅफेसारखी सजवलेली असली तरी कायदा सुटत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. ‘ड्राय डे’, म्हणजे दारूविक्री बंद असण्याचा दिवस, इथेही पाळावा लागतो.

“एकच तर घेतली” म्हणून गाडीला हात लावू नये. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अंधेरीच्या टॅपरूमला जायचं असेल तर गाडी घरी ठेवावी आणि परतताना विरार लोकल पकडावी.