पीयूसी पास, गाडी नापास

डिझेल एसयूव्ही हौसेने बाळगणाऱ्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ईजीआर बंद करून टाक. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीने चोक होतो आणि गाडीचा पिकअप मरतो. मग गॅरेजमध्ये त्याच्या तोंडावर पत्र्याची चकती बसते, लॅपटॉप जोडून ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून, त्याचं काम काढून टाकलं जातं आणि गाडी तरतरीत होते. पुढे पीयूसी काढताना मालकाला आणखी एक सुखद धक्का बसतो. सायलेन्सरमध्ये नळी सरकवून केंद्रातला मुलगा सांगतो, ‘रेस द्या’. तीन-चारदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो आणि पडद्यावर आकडा आधीपेक्षा कमी उमटतो.

मशीन बरोबर असतं, आकडाही खरा असतो. पण ज्या गाडीचं प्रदूषण वाढलं आहे, तिलाच हे प्रमाणपत्र शाबासकी देत असतं.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनात ज्वलनाचं तापमान फार चढलं की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन, जे एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, ते जोडले जातात आणि नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. ईजीआर नव्या हवेत जळालेला वायू मिसळून हे तापमान उतरवतो. त्याची किंमत म्हणून ऑक्सिजन थोडा कमी पडतो आणि काजळी थोडी वाढते. व्हॉल्व्ह बंद केला की गणित उलटं फिरतं. काजळी घटते, नायट्रोजन ऑक्साइड्स उसळतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत मात्र धुरातून प्रकाश किती अडतो एवढंच मोजलं जातं. भारत स्टेज चार या उत्सर्जन मानकाच्या डिझेल गाड्यांसाठी ही मर्यादा 50 हार्ट्रिज एकक आहे. इंजिनातून मुख्यतः बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो, त्यामुळे तो हा प्रकाश अडवतच नाही. पुढे हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि उन्हात हायड्रोकार्बनशी मिळून ओझोन बनतो. दमेकऱ्याला तो जाणवतो, पीयूसी केंद्राला जाणवत नाही.

पेट्रोल गाड्यांची गोष्ट वेगळी, पण फट तीच. भारत स्टेज चार आणि त्यानंतरच्या मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम या मर्यादेत राहावं लागतं. 1 भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सांभाळलं, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही कामं एकाच वेळी करू शकतो: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळणं, आणि नायट्रोजन ऑक्साइड्स तोडणं. रिमॅप केलेली, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेली, टर्बो गाडी जागेवर उभी असताना हे प्रमाण बहुधा पाळते. बोरघाट चढताना पाय पूर्ण दाबला की रिमॅप जादा पेट्रोल ओततो, ऑक्सिजन उरत नाही आणि न जळालेला कार्बन मोनॉक्साइड कन्व्हर्टरमधून तसाच बाहेर येतो. कन्व्हर्टरच काढून सरळ पाइप बसवलेली गाडी प्रामाणिक तपासणीत जागेवरही पकडली जाऊ शकते. त्यावरची पळवाट म्हणजे पीयूसीपुरता जुना एक्झॉस्ट चढवायचा आणि मग उतरवायचा.

असल्या पळवाटांशी कॅलिफोर्नियाची झुंज जुनी आहे. 1943 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं धुकं उतरलं, तेव्हा लोकांना वायुहल्ल्याची शंका आली होती. अननसाच्या स्वादाचं रसायन शोधणारे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी पुढच्या दशकात दाखवून दिलं की हे धुकं वाहनांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतं. 1984 मध्ये तिथे ‘स्मॉग चेक’ ही वाहनतपासणी सुरू झाली. प्रदूषणाचा त्रास जास्त असलेल्या भागांत 1976 ते 1999 च्या बहुतेक गाड्या रोलरवर चालवून, म्हणजे इंजिनावर भार टाकून तपासतात आणि त्यात नायट्रोजन ऑक्साइड्सही मोजतात. 2000 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना नळी लावतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला वायर जोडतात आणि गाडीच्याच संगणकाला विचारतात. आदल्या रात्री फॉल्ट कोड पुसून आलात तर संगणक सांगतो की स्वयंतपासणी अजून पूर्ण झालेली नाही, आणि गाडी परत पाठवली जाते. जुलै 2021 पासून ईसीयूमधलं सॉफ्टवेअर कंपनीचं किंवा राज्याने मान्य केलेलं आहे का, हेही तपासलं जातं. मान्यतेविना रिमॅप केलेली गाडी तिथे अडकते, मग धूर कितीही स्वच्छ असो.

याशिवाय बॉनेट उघडून डोळ्यांनी तपासणी होते, आणि मॉडिफाइड गाड्यांच्या मालकांचा खरा राग तिच्यावर आहे. त्यांचं म्हणणं असं, की माझ्या गाडीचे सगळे आकडे मर्यादेत आहेत, मग केवळ एका एअर इनटेकसाठी मला नापास का करता? तक्रार मनापासूनची आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. गाडी थंड असताना, चढावर, महामार्गावर, पाच वर्षांनी काय सोडेल, हे काही मिनिटांच्या चाचणीत कळत नाही. सुटा भाग बदलल्याने काय होतं हे प्रयोगशाळेत आधी तपासावं लागतं. कॅलिफोर्नियाने ती सोय ठेवली आहे. सुटा भाग बनवणाऱ्याने राज्याच्या हवा संसाधन मंडळापुढे चाचण्यांनिशी सिद्ध केलं की उत्सर्जन वाढत नाही, तर त्याला ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’चा क्रमांक मिळतो. तो क्रमांक भागावर किंवा बॉनेटखाली दिसला की गाडी पुढे सरकते. पूर्ण इंजिन बदललं असेल तर गाडी ‘रेफरी’ म्हणवणाऱ्या खास तपासनीसाकडे न्यायची. नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, प्रदूषण रोखणारे त्याचे सगळे भाग जागेवर हवेत, मग रेफरी दाराच्या चौकटीवर स्टिकर लावतो. 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तर तपासणीच नाही.

मला हा मार्ग पटतो, कारण इथे हौसेला बंदी नाही, पुरावा मात्र मागितला आहे. पुरावा का मागायचा, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या अंदाजावरून कळतं. सुमारे दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांमधून प्रदूषणरोधक यंत्रणा काढल्या गेल्या, आणि त्यामुळे या ट्रकांच्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टनांहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड्स जादा हवेत जातील. युरोपनेही नळीची चाचणी सुधारली. डिझेलचा कणगाळक काढलेली गाडी धुराच्या जुन्या मशीनला चकवू शकते म्हणून बेल्जियमने 2022 मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने 2023 मध्ये धुरातले सूक्ष्म कण थेट मोजायला सुरुवात केली.

आपल्याकडे कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. कायद्याने दार जवळजवळ बंद केलं आहे आणि पीयूसीने खिडकी सताड उघडी ठेवली आहे. परिणामी रिमॅप करणारा प्रामाणिक तरुण आणि कन्व्हर्टर काढून विकणारा, दोघेही एकाच अंधारात राहतात.

खरं तर मधला रस्ता आपल्याला माहीत आहे. सीएनजी किटला चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय त्यांपैकीच एक. मान्य किट अधिकृत ठिकाणी बसवलं की आरटीओ आरसीवर इंधनाची नोंद बदलतो. हीच पद्धत एक्झॉस्ट, टर्बो आणि ईसीयूच्या सॉफ्टवेअरला लावता येईल: एआरएआयमध्ये भारासहित चाचणी, भागावर कोरलेला क्रमांक, आरसीवर नोंद. आणि पीयूसी केंद्रात नळीच्या जोडीला ओबीडीची एक वायर. भारत स्टेज सहाच्या प्रत्येक मोटारीत ते पोर्ट स्टिअरिंगच्या आसपास आजच बसवलेलं आहे, आणि ईजीआर किंवा कन्व्हर्टर नीट चालत नसेल तर त्याची नोंद ठेवण्याचं कामही त्या संगणकाकडेच आहे.