पस्तिशीनंतरचे मैदान

व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द अठराव्या-विसाव्या वर्षी सुरू होते आणि बहुतेकांची पस्तिशीच्या आत आटोपते. बँकेत किंवा सरकारी कचेरीत लागलेला माणूस ज्या वयात पहिली मोठी बढती घेतो, घराचे कर्ज काढतो, मुलांना शाळेत घालतो, त्याच वयात फुटबॉलपटूला आपले काम सोडावे लागते. म्हणून कारकीर्द किती लांबेल हा प्रश्न एकट्या खेळाडूचा राहत नाही. त्यात आई-वडील येतात, बायको-मुले येतात. आणि कारकीर्द लांबते तीही पुष्कळदा त्यांच्याच जिवावर.

शरीराचा हिशेब आधी पाहावा लागतो. एका सामन्यात मध्यरक्षक दहा-अकरा किलोमीटर पळतो. नुसते एवढे अंतर कुणीही सराव असलेला माणूस पळेल. पाय झिजतात ते मध्येच घेतलेल्या झडपेने, जागच्या जागी थांबण्याने, एका पायावर गर्रकन वळण्याने. तिशीनंतर स्नायूंची झटक्यात ताकद लावण्याची क्षमता उतरू लागते आणि पहिली जाते ती झडप. त्यापाठोपाठ दमणूक भरून यायला वेळ लागू लागतो. पंचविशीत रविवारी खेळलेला खेळाडू मंगळवारी ताजातवाना असतो. दहा वर्षांनी त्याच खेळाडूचे पाय गुरुवारपर्यंत जड राहतात. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग एकदा फाटला की पुन्हा फाटण्याची भीती कायमची मागे लागते. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे आठ-नऊ महिने घरात. विशीतल्या खेळाडूचा यात एक हंगाम जातो, तेहतिशीतल्याची कारकीर्दच जाऊ शकते.

हा हिशेब सगळ्या जागांना सारखा नसतो. कडेने धावणारे आघाडीपटू लवकर मावळतात, मधले बचावपटू टिकतात, गोलरक्षक सगळ्यांत जास्त टिकतात. इटलीच्या दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक उंचावला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे. १९५४ मध्ये जन्मलेले ब्रह्मानंद शंखवाळकर सर्वाधिक काळ साळगावकर क्लबकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. भारतीय फुटबॉलची बहुतेक उलाढाल कोलकात्यात चालत असे, त्या काळात त्यांनी कारकिर्दीचा मोठा भाग आपल्या माणसांत, गोव्यातच काढला. लांब टिकलेल्या खेळाडूंच्या चरित्रांत घराजवळ राहणे ही गोष्ट वारंवार दिसते. तिची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

कडेने धावणारा असूनही टिकलेला एक जगावेगळा खेळाडू म्हणजे इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज. पन्नासावा वाढदिवस उलटल्यावर, १९६५ मध्ये, तो तिथल्या सर्वोच्च श्रेणीतला शेवटचा सामना खेळला. त्याचे वडील केशकर्तनाचे दुकान चालवत आणि मुष्टियुद्धही खेळत. पोरांना पहाटे उठवून उघड्या खिडकीपाशी श्वासाचे व्यायाम करायला लावायचे, हा त्यांचा शिरस्ता. पुढे आयुष्यभर मॅथ्यूजने पहाटेचा व्यायाम सोडला नाही. त्याच्या पन्नाशीच्या खेळाची सुरुवात त्या खिडकीपाशी झाली होती.

मुंबईच्या आसपास घराचा हा वाटा फार उघडपणे दिसतो, कारण इथे पहिले भांडण अंतराशी असते. भाईंदर पूर्वेच्या खारीतल्या मुलाला कूपरेजच्या मैदानावर सकाळी सातला हजर व्हायचे असेल, तर घरातले कुणीतरी चारला उठते. डब्यात चपात्या आणि उकडलेली अंडी, वेगळ्या पिशवीत केळी, एका बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. भाईंदरहून चर्चगेटपर्यंत लोकलने सव्वा तासाच्या आसपास आणि पुढे चालत कूपरेज. बूट कापडी पिशवीत घालून सामानाच्या फळीवर, कारण परतीच्या गर्दीत चिखलाचे खिळे कुणाच्या कपड्यांना लागले तर वाद ठरलेला. दुपारी पोरगा परततो तेव्हा शाळा बुडालेली असते किंवा क्लास. असे पाच-सात वर्षे चालते आणि त्यानंतर कुठे कुणीतरी त्याला करार देते, किंवा देत नाही. खेळाडूची कारकीर्द मोजताना ही वर्षे कुणी धरत नाही. घरच्यांच्या लेखी मात्र ती तेव्हाच सुरू झालेली असते.

कोल्हापुरात घराचा हा भार पेठेने वाटून घेतला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा खेळाडूच्या मागे घर, गल्ली आणि तालीम अशी तिहेरी फळी असते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्याचे वडील रिक्षा चालवत.

मुंबईचा मुलगा किती लांब जाऊ शकतो याचे आजचे सगळ्यांत बोलके उदाहरण राहुल भेके. डिसेंबर १९९० चा त्याचा जन्म. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी, बंगळूर, मुंबई सिटी आणि पुन्हा बंगळूर असा त्याचा प्रवास. विशीत त्याचा फारसा गवगवा झाला नाही. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बंगळूर आणि गोवा यांच्यात गोलशून्य चालला होता. जादा वेळही संपत आला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेके उंच उडाला आणि त्याच्या हेडरने बंगळूरला विजेतेपद मिळवून दिले. ज्या शहरात तो वाढला त्याच शहरात, आणि तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. भारताच्या संघात त्याला पहिली संधी त्याच वर्षी जूनमध्ये किंग्ज चषकात मिळाली. बहुतेकांचा आलेख या वयात सपाट होऊ लागतो, याचा चढू लागला.

एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय आणि निर्णायक हेडर भेकेचा. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने कोलकात्यात मोहन बागानविरुद्धचा सुपर लीगचा अंतिम सामना ३-१ असा जिंकला. देशासाठी पहिला गोल त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध केला, चौतिसावे वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना.

असे टिकून राहण्यामागे एक युक्ती आहे आणि जाणकार खेळाडू ती वेळेवर ओळखतात. भेके उजव्या कडेचा बचावपटू होता. ही जागा पळवणारी. सामनाभर वर जायचे आणि तितक्याच वेगाने खाली यायचे. पुढे तो मधल्या बचावात आला. तिथे पळणे कमी आणि खेळ वाचणे जास्त. चेंडू कुठे पडेल, समोरचा कुठे वळेल, हे दोन पावले आधी कळले तर झडप कमी पडली तरी चालते. वय जे पायांतून काढून घेते त्यातले थोडे डोक्यात परत टाकते, आणि जागा बदलणारा खेळाडू ते वापरतो. जुन्या जागेचा हट्ट धरणारा बाकावर जातो.

भारताचा कर्णधार राहिलेल्या सुनील छेत्रीने जागा फार बदलली नाही, घडी बदलली. मांसाहार सोडला, झोपेची वेळ बांधून घेतली, ताटात काय येते यावर पहारा ठेवला. हे सगळे ऐकायला वैयक्तिक शिस्तीसारखे वाटते. प्रत्यक्षात एका माणसाच्या पथ्यावर अख्खे घर चालते. लग्नाच्या पंक्तीत तो लवकर उठतो, सणाला तो छावणीत असतो आणि घरचे ते धरूनच चालतात. छेत्रीच्या बाबतीत घराला फुटबॉल नवा नव्हता. आई सुशीला नेपाळच्या महिला संघात खेळलेली, वडील सैन्यात, सासरे सुब्रत भट्टाचार्य हे मोहन बागानचे नावाजलेले खेळाडू आणि छेत्रीचे तिथले पहिले प्रशिक्षक. सप्टेंबर २०२३ मध्ये तो किंग्ज चषकाला गेला नाही, कारण ऑगस्टअखेर त्याच्या घरी मुलगा जन्मला. आपल्याकडे कर्णधाराने बाळंतपणासाठी स्पर्धा सोडणे आणि त्याबद्दल कुणी फारशी कुरकुर न करणे, ही या खेळात झालेली मोठी आणि चांगली सुधारणा म्हटली पाहिजे.

मे २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली तेव्हा घरातली हकीकतही सांगितली. निर्णय आधी आई-वडिलांना आणि पत्नीला कळवला. वडील शांत होते, त्यांना हायसे वाटले. आई आणि पत्नी मात्र रडू लागल्या. सामने फार होतात, ताण फार येतो, अशी तक्रार पत्नी कायम करायची. आता थांबतो म्हटल्यावर रडायचे कशाला, असे त्याने विचारले. दोघींनाही उत्तर देता आले नाही. वर्षानुवर्षे एका माणसाच्या सामन्यांवर दिवस मोजलेल्या घरात तो माणूस थांबला की रिकामपण सगळ्यांच्याच वाट्याला येते. शेवटचा सामना ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतशी झाला आणि गोलशून्य सुटला. पण कथा तिथे संपली नाही. पुढच्या हंगामात चाळिशी गाठलेल्या छेत्रीने सुपर लीगमध्ये १४ गोल केले, भारतीयांत सर्वाधिक. मार्च २०२५ मध्ये त्याला देशासाठी परत बोलावले गेले. शिलाँगला मालदीवविरुद्धच्या ३-० विजयात पहिला गोल भेकेचा आणि तिसरा छेत्रीचा, त्याचा ९५ वा.

चाळिशीच्या खेळाडूला परत बोलवावे लागणे ही मागून येणाऱ्या पिढीबद्दल काळजी वाटण्यासारखी गोष्ट आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरून आशिया चषकाची संधी गेली तेव्हा ती काळजी खरी ठरली.

घराला या सगळ्यात आधार कशाचा, हा प्रश्न मुंबईत एके काळी सुटलेला होता. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, भारत पेट्रोलियम आणि दोन्ही रेल्वे यांचे संघ होते आणि खेळाडू त्या त्या आस्थापनेचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी हजेरी. गुडघा गेला तरी पगार जात नसे. बूट खुंटीला टांगले की तो त्याच टेबलावर साठीपर्यंत बसे. लग्न ठरवताना मुलगा फुटबॉल खेळतो याला कुणी नाक मुरडत नसे, कारण त्याच्यामागे कंपनी होती. पगार बेताचा होता, पण घर त्यावर पंचवीस वर्षांची आखणी करू शकत होते.

ही व्यवस्था पाहता पाहता विरली. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाला २०१३ मध्ये देशपातळीवरच्या आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. मुंबई एफसी २०१७ नंतर उरला नाही. आता करार येतात एक, दोन, फार तर तीन वर्षांचे. रक्कम जुन्या पगाराच्या कितीतरी पट, पण मोजक्यांना. आणि तीही दहा-बारा वर्षांत उभ्या आयुष्याला पुरवायची. २०२५ मध्ये सुपर लीगच्या व्यापारी हक्कांचा तिढा सुटेना, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. त्या महिन्यांत विशीतला खेळाडू वाट पाहू शकत होता. पस्तिशीतल्याचा मात्र उरलेल्या दोनतीन हंगामांपैकी एक हातचा जात होता आणि कर्जाचे हप्ते सुरूच होते. जुन्या पद्धतीत हा धोका आस्थापना पत्करत असे, आज तो घर पत्करते.

स्त्री खेळाडूंच्या बाबतीत घर आणि कारकीर्द यांचा सांधा आणखी अवघड. २०२१ पासून फिफाच्या नियमाने व्यावसायिक खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि त्या काळात करारातल्या पगाराचा किमान दोन तृतीयांश भाग मिळायला हवा. नियम चांगला आहे, पण तो करार असलेल्यांसाठी. भारतातली महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली, आणि लग्नानंतर खेळ सुटलेल्या मुलींची गणती तिच्या कितीतरी आधीपासूनची.

खेळणे थांबल्यावरही खेळात राहण्याची एक वाट प्रशिक्षणाची आहे आणि ती पायांवर अवलंबून नाही. खालिद जमील महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्या संघांतून खेळला. दुखापतींनी त्याला लवकर थांबवले आणि २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ज्या मुंबई एफसीचा तो खेळाडू होता त्याचाच प्रशिक्षक झाला. २०१७ मध्ये त्याने मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा प्रशिक्षक नेमला गेला. पुढच्याच महिन्यात, मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसऱ्या जागेसाठी भारताची गाठ ओमानशी पडली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी किकांवर गेला. भारताने तो ३-२ असा जिंकला. कडेला अठ्ठेचाळीस वर्षांचा जमील उभा होता आणि भारताच्या तीन यशस्वी किकांपैकी एक चौतीस वर्षांच्या भेकेची होती.