पंख्यातील दिव्यांची भाषा

कामाचे साधन नुसते कामाचे असून माणसाचे समाधान होत नाही. ते देखणेही असावे, अशी त्याची हौस असते. बेंदराच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविणारा शेतकरी आणि मालमोटारीच्या पाठीवर मोर काढून घेणारा चालक हे दोघेही या हौसेचेच उपासक होत. हल्ली ही हौस संगणकाच्या पेटीत शिरली आहे. बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली, त्यापूर्वीपासूनच येथे अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते, आणि आज या नगरीत तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांची वस्ती मोठी आहे. त्यांतील पुष्कळसे तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून तो जोडून घेतात. पेटीची एक बाजू काचेची असते, आत तीन-चार पंखे फिरत असतात आणि त्या पंख्यांच्या कडांतून रंगीत प्रकाश झिरपत असतो. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या दिव्यांना 'आरजीबी' असे नाव पडले आहे.

येथपर्यंत सारे ठीक असते. अडचण पुढे येते. मदरबोर्ड एका कंपनीचा, पंखे दुसऱ्या कंपनीचे, स्मृतीच्या पट्ट्या तिसरीच्या आणि चित्रदर्शनाचे कार्ड चौथीचे. यंत्र सुरू केले की प्रत्येक भाग आपापल्या मर्जीने रंग बदलू लागतो. एक निळा तर दुसरा तांबडा, आणि तिसऱ्यावर इंद्रधनुष्य. भजनी मंडळात प्रत्येकाने वेगळा अभंग धरावा, तशी ही गत होते. हे सारे एका हाती कसे आणावे, आणि ते एवढे अवघड का व्हावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम रंगाचे गणित पाहू. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यामुळे तीन रंगांचे प्रकाश कमीअधिक प्रमाणात मिसळले की हवा तो रंग दिसल्याचा प्रत्यय येतो. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली तीन रंगांच्या चित्रांतून एक रंगीत प्रतिमा पडद्यावर उमटवून हे तत्त्व दाखविले होते. मात्र ते तत्त्व एवढ्याशा दिव्यात उतरण्यास शतकाहून अधिक काळ लागला. दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी १९६२ साली तयार झाला. पण पुरेसा तेजस्वी निळा एलईडी साधण्यास १९९३ साल उजाडले. त्या कामगिरीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा आला आणि तीन रंगांचा संच पुरा झाला. आज प्रत्येक रंगाचे तेज २५६ पायऱ्यांत बदलता येते, आणि तिन्हींच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटांची आज्ञा देता येते.

आता ही आज्ञा दिव्यापर्यंत पोचते कशी? येथे दोन पद्धती आहेत आणि त्यांतील भेद प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पहिली पद्धत १२ व्होल्टची. तिच्या कनेक्टरला चार पिना असतात: एक वीज पुरविणारी आणि तीन प्रत्येकी एका रंगाच्या. या पद्धतीत एका तारेवरील सर्व दिवे एकाच वेळी एकच रंग दाखवितात. दुसरी पद्धत ५ व्होल्टची. तिला 'एआरजीबी' म्हणतात. तिच्या कनेक्टरला तीन पिना असतात आणि चौथीची जागा रिकामी असते. एक पिन विजेची, एक परतीची आणि मधली केवळ संदेशाची. या पद्धतीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक इवलीशी चिप असते, आणि म्हणून प्रत्येक दिव्याला निराळा रंग देता येतो. गणेशोत्सवात मंडळांच्या कमानींवर धावणारे, फुलाचे आणि मोराचे आकार दाखविणारे जे दिवे आपण पाहतो, ज्यांना कारागीर 'पिक्सेल' म्हणतात, तेही याच जातीचे.

एका तारेवरून शंभर दिव्यांना शंभर निरनिराळे निरोप कसे जातात, याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. युक्ती मात्र पंगतीतल्यासारखी सोपी आहे. लाडवांचे ताट पंगतीच्या एका टोकाने आले. पहिल्याने आपला एक लाडू काढून घेतला आणि ताट पुढे सरकविले. दुसऱ्यानेही तेच केले. त्याप्रमाणे पहिला दिवा संदेशातील पहिले २४ अंक स्वतःसाठी ठेवतो, प्रत्येक रंगाचे आठ, आणि उरलेला संदेश पुढच्याकडे लोटतो. प्रचारातल्या एका चिपमध्ये एका अंकाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे एका दिव्याचा निरोप ३० मायक्रोसेकंदांत आणि शंभर दिव्यांचा सेकंदाच्या सुमारे तीन सहस्रांशांत पुरा होतो. डोळ्याला हा विलंब जाणवत नाही, म्हणूनच रंग धावल्यासारखे दिसतात.

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. ५ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टच्या जागी जोडला तर तो जळतो. कनेक्टर थोडा तिरका करून दाबला की चुकीच्या जागीही बसू शकतो, आणि क्षणार्धात पंख्याचे सारे दिवे कायमचे विझतात. पंखा फिरत राहतो, कारण त्याची मोटार स्वतंत्र तारेवर चालते; पण ज्या दिव्यांसाठी जादा पैसे मोजले ते गेलेले असतात. ऊस विकून आलेल्या रकमेतून मुलासाठी यंत्र घेणाऱ्या घराला हे नुकसान थोडे नव्हे. म्हणून मदरबोर्डवर त्या जागेपाशी छापलेले व्होल्टचे आकडे आणि कनेक्टरवरील बाणाची खूण पाहिल्याविना जोडणी करू नये.

तारांचा उलगडा झाला. आता भाषेकडे वळू. पंख्यातील दिवे पुष्कळदा एकाच तत्त्वावर चालतात, मग कंपन्याकंपन्यांत विसंवाद का? याचे उत्तर मधल्या दुव्यात आहे. संगणकातील सॉफ्टवेअर दिव्याशी थेट बोलत नाही. ते एका नियंत्रकाशी बोलते आणि नियंत्रक दिव्याला आज्ञा देतो. हा नियंत्रक कोणती भाषा जाणतो हे प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे ठरविले. असुसचे 'ऑरा सिंक', एमएसआयचे 'मिस्टिक लाइट', गिगाबाइटचे 'आरजीबी फ्यूजन', एएसरॉकचे 'पॉलिक्रोम', कॉर्सेअरचे 'आयक्यू', रेझरचे 'क्रोमा', अशी ही नामावळी वाढतच गेली. काही कंपन्यांनी कनेक्टरही निराळ्या आकाराचे केले, म्हणजे तार दुसऱ्याच्या हबमध्ये बसूच नये. यात काही वेळा तांत्रिक सोय असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ग्राहकाने पुढचा पंखाही आपल्याचकडून घ्यावा, हा व्यापारी हिशेबही त्यात असतो.

एकाच यंत्रात अशी दोन-तीन सॉफ्टवेअर भरली म्हणजे काय होते? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. स्मृतीच्या पट्टीवरील दिव्यांना एक सॉफ्टवेअर निळे होण्यास सांगते, त्याच क्षणी दुसरे तांबडे होण्यास सांगते. दिवे लुकलुकतात, अडखळतात, कधी कोणाचेच ऐकत नाहीत. शिवाय ही सर्व सॉफ्टवेअर पडद्याआड सतत चालत राहून यंत्राची शक्ती खातात. सॉफ्टवेअर बंद केले तर काही उपकरणे शेवटचा रंग लक्षात ठेवतात, तर काही पुन्हा आपल्या मूळच्या इंद्रधनुष्याकडे परततात.

यावर उपाय चार प्रकारचे आहेत. पहिला खरेदीच्या वेळचाच: शक्यतो सर्व पंखे सर्वमान्य तीन पिनांच्या ५ व्होल्ट पद्धतीचे घ्यावेत आणि ते एका हबमार्फत मदरबोर्डच्या एकाच जागी जोडावेत. म्हणजे पंखे कोणत्याही कंपनीचे असोत, त्यांचा धनी एकच राहतो. मात्र भाराचा हिशेब ठेवावा. मदरबोर्डवरील अशी जागा बहुधा ३ अँपिअरपर्यंतच प्रवाह देते, म्हणजे ५ व्होल्टला १५ वॅट. एक दिवा पूर्ण तेजाने पांढरा लागला तर तो ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो; या मापाने पन्नास दिव्यांतच मर्यादा गाठली जाते. पंखे अधिक असतील तर ज्या हबला वीजपुरवठ्याची स्वतंत्र तार जोडता येते, असाच हब घ्यावा. एकामागे एक असे पंखे साखळीने जोडले असतील तर सॉफ्टवेअरमध्ये दिव्यांची संख्या बरोबर भरावी. ती कमी पडली तर लाडू संपल्यावर उरलेल्या पंगतीप्रमाणे शेवटचे पंखे अंधारात राहतात.

दुसरा उपाय त्याहून साधा. छोट्या बटणाचा अथवा रिमोटचा स्वतंत्र नियंत्रक मिळतो. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. ज्याला एकच शांत रंग हवा आहे त्याने याहून अधिक खटाटोप करण्याचे कारण नाही.

तिसरा उपाय दुभाष्याचा. दुभाष्याचे महत्त्व बेळगाव-निपाणीच्या माणसाला समजावून सांगावयास नको. एकाच बाजारपेठेत मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी कानी पडते, आणि चारही भाषांतून सौदा पुरा करणारा दुकानदार येथे दुर्मिळ नाही. 'ओपनआरजीबी' नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर नेमके हेच काम करते. स्वयंसेवकांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या नियंत्रकांची भाषा अभ्यासून ते सिद्ध केले आहे. ते विनामूल्य आहे आणि विंडोजप्रमाणे लिनक्सवरही चालते. 'सिग्नलआरजीबी' हे त्याच जातीचे दुसरे सॉफ्टवेअर. मात्र दुभाष्यालाही प्रत्येक बोली येतेच असे नाही. म्हणून आपले उपकरण त्याच्या यादीत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि त्याला कामाला लावण्यापूर्वी कंपन्यांची सॉफ्टवेअर बंद करावीत.

चौथा उपाय सर्वांत मोलाचा, कारण तो दुभाष्याची गरजच कमी करतो. यूएसबी उपकरणांच्या सामायिक नियमांत दिव्यांसाठी 'लॅम्प अ‍ॅरे' नावाची भाषा ठरविण्यात आली आहे. या भाषेत बोलणारे उपकरण, आपल्यावर दिवे किती आहेत आणि प्रत्येक दिवा नेमका कोठे आहे, हे संगणकाला स्वतःच सांगते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये 'डायनॅमिक लायटिंग' ही सोय दिली ती याच पायावर. अशा उपकरणाला कंपनीचे स्वतंत्र सॉफ्टवेअर न भरताही रंग देता येतो. सर्व पंखे आणि सर्व नियंत्रक अद्याप ही भाषा बोलत नाहीत. परंतु दिशा योग्य आहे.

श्रोतेहो, कोणी म्हणेल की दिव्यांच्या या खेळात एवढे गांभीर्य कशाला? खेळ दिव्यांचा असला तरी प्रश्न मापाचा आहे, आणि मापाचा प्रश्न या देशाने एकदा सोडविला आहे. मुंबई इलाख्याचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहूनही अधिक, अशी एके काळी स्थिती होती. 'मण' हा शब्द एक, पण वजने तीन. परगावच्या व्यापाऱ्याशी सौदा करताना त्याचा मण कोणता, हे आधी विचारावे लागे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली, आणि पुढे किलोग्रॅम सर्वत्र रुळला. आज निपाणीच्या तंबाखूचे वजन देशात कोठेही केले तरी किलो तोच राहतो.

बेळगावच्या उद्यमबागेतील लेथवर काम करणाऱ्या कारागिराला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली बोल्टच्या आट्यांसाठी एक माप सुचविले. त्याचा कोन ५५ अंशांचा; मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. ही मापे ठरलेली असल्यामुळेच एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसतो. नट घेताना कोणी कंपनीचे नाव विचारीत नाही, माप विचारतो. दिव्यांच्या बाबतीतही ग्राहकाने हाच प्रघात पाडला पाहिजे.

कारण विकत घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली केव्हा होते? तिच्यावर आपली आज्ञा चालते तेव्हा. केवळ एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या पंख्याचा रंग, ते सॉफ्टवेअर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी आपल्या हातून जातो. मग चालता पंखा केवळ विसंगत दिसतो म्हणून काढून टाकला जातो, आणि घरातल्या खर्चात व गावाबाहेरच्या कचऱ्यात सारखीच भर पडते.

तेव्हा पुढील खरेदीच्या वेळी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. याचे दिवे ५ व्होल्टचे की १२ व्होल्टचे? कनेक्टर सर्वमान्य आहे की कंपनीचा खास? आणि कंपनीचे सॉफ्टवेअर नसेल तर याचा रंग बदलता येईल काय? हे प्रश्न शंभर ग्राहकांनी विचारले तर दुकानदार ते घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि घाऊक व्यापारी कंपनीला. मण जाऊन किलो येण्यास कायदा करावा लागला; येथे ग्राहकांच्या आग्रहानेही पुष्कळ काम होण्यासारखे आहे.