यादीत नसलेल्या बाईचं उत्तर

रकान्याचं नाव ‘शिक्षण’, आकडे वर्षांत. सगळ्यात कमी ६, सगळ्यात जास्त २३. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं संशोधकांसाठी खुल्या केलेल्या ‘ओअ‍ॅसिस’ नावाच्या संग्रहातला हा रकाना आहे. माणसं दीडशे, वयं ६० ते ९६. प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय किमान दोनदा काढलेला, मध्ये वर्षभराचं तरी अंतर, मिळून ३७३ स्कॅन. त्यांतल्या ७२ जणांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती, ६४ जणांना पहिल्याच भेटीत स्मृतिभ्रंश होता, आणि १४ जण दोन भेटींच्या मधे केव्हातरी त्या बाजूला गेले.

राहुरीजवळच्या एका वस्तीवर एक मुलगी या दीडशे जणांवर काम करते. पुण्यातल्या एका संशोधन गटासाठी, घरूनच. एका लग्नाच्या पंगतीत ती मला म्हणाली होती, “माझं मॉडेल परवा एका बाईबद्दल उत्तर देत बसलं. अन् ती बाई डेटात नाहीच!” हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून मी तिच्याकडे गेले.

गाळपाचा हंगाम होता. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास थेट तिच्या खोलीत येई. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू होई आणि तिचे हात तसेच चालत राहत.

स्कॅनमधून कवटी वेगळी करणं, मेंदूची हद्द ठरवणं, दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवणं ही कामं संगणक रात्रीतून करतो. यातलं एकच पथ्य तिनं मला मुद्दाम दाखवलं. दुसरा स्कॅन ओढून पहिल्यावर बसवायचा नाही, दोघांनाही मधल्या जागी आणायचं. एकालाच हलवलं तर तेवढाच किंचित धूसर होतो, आणि मेंदू झिजला नसला तरी झिजल्यासारखा दिसतो.

मग ती डोळ्यांनी तपासायला बसते. पडद्यावर पहिला स्कॅन, एक बटण, त्याच जागी दुसरा. मेंदूच्या मधोमध पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात, त्या पडद्यावर काळ्या दिसतात. बटण दाबलं की काळा भाग जरासा पसरे, पुन्हा दाबलं की आवळे. पसरे, आवळे. एका माणसाच्या आयुष्यातली दोनएक वर्षं अशी मागेपुढे होताना मी पाहत होते. नाव नाही, चेहरा नाही, फक्त क्रमांक. तरी मला नजर काढता येईना. ती मात्र कडेच्या वहीत ‘ठीक’ लिहून पुढच्या क्रमांकावर गेलेली.

या जोडीच्या पद्धतीचं बळ वजाबाकीत आहे. दुसऱ्या वेळच्या मापातून पहिल्या वेळचं माप वजा करायचं. कुणाचं डोकं मुळात मोठं, कुणाचं लहान. कुणी बाई, कुणी पुरुष. कुणी कमी शिकलेलं, कुणी जास्त. जे दोन्ही वेळा सारखंच होतं ते वजाबाकीत गळून पडतं आणि माणसाची तुलना त्याच्याच स्वतःशी होते.

“मग शिक्षण मॉडेलमध्ये घालायचं कशाला? ते तर गळून गेलं ना?” मी विचारलं.

“पातळीतून गेलं. बदलातून नाही गेलं,” ती म्हणाली.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बातम्या नेमक्या इथे घसरतात. वजाबाकी झाल्यावर शिक्षण हा कोव्हेरिएट, म्हणजे मॉडेलमध्ये सोबत घातलेला रकाना, ‘शिकलेल्यांचा मेंदू मोठा असतो का’ या प्रश्नाला हातच लावत नाही. तो एवढंच सांगतो, की शिक्षणाचं एकेक वर्ष वाढत गेलं तर दोन स्कॅनमधला बदल किती कमीजास्त होतो. मेंदू झिजत असेल तर वजाबाकी ऋण येते. त्यात शिक्षणाचा गुणक धन आला तर अर्थ ‘झीज कमी’ असा होतो, ‘मेंदू वाढला’ असा नाही. आणि कुणी पहिल्यातून दुसरा वजा केला असेल, तर चिन्हं सगळी उलटी. म्हणून तिच्या प्रत्येक फाईलच्या नावातच ‘दुसरा वजा पहिला’ लिहिलेलं असतं.

आता ती बाई. मॉडेल दोन आकडे देतं: एक शिक्षणाचा गुणक, दुसरा सरासरी बदल. हा दुसरा आकडा सगळे ‘गटाचा सरासरी बदल’ म्हणूनच वाचतात. पण शिक्षणाची वर्षं आहेत तशीच घातली, तर तो आकडा गटाचा राहत नाही. कोव्हेरिएट शून्य असलेल्या माणसाचा होतो. म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचा. आणि यादीत सगळ्यात कमी आहे ६. जिथे एकही माणूस नाही तिथवर रेषा ताणून मॉडेल त्या बाईचं उत्तर देतं, तेही पुऱ्या आत्मविश्वासानं, दशांश चिन्हापुढे चार घरं.

यावरचा इलाज सोपा आहे. प्रत्येकाच्या शिक्षणातून सगळ्यांची सरासरी वजा करून मगच आकडे घालायचे. गुणक तसाच राहतो, दुसरा आकडा मात्र सरासरी शिकलेल्या माणसाचा होतो. हे आपोआप होईल असं धरून चालायचं नाही. स्मृतिभ्रंशाच्या गटाची सरासरी वेगळी आणि निरोगी गटाची वेगळी वजा केली, तर दोन गटांच्या तुलनेचा प्रश्नच बदलतो. दोन स्कॅनमधल्या दिवसांचं तर आणखी निराळं. तिथे शून्याला खरा अर्थ आहे: मध्ये दिवसच गेले नसतील तर बदलही शून्यच यायला हवा. तसा तो आला नाही, तर यंत्रात किंवा पद्धतीत खोट आहे.

तिचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, प्रयोगाच्या शेतांवर नोकरी करून निवृत्त झालेले. पानसे आणि सुखात्मे यांचं १९५४ चं शेती-संख्याशास्त्राचं पुस्तक त्यांच्या कपाटात अजून आहे. ते म्हणाले, “प्लॉटमध्ये रोपं कमीजास्त उगवली, तर उत्पन्न रोपांच्या संख्येनं दुरुस्त करून घ्यायचं. पण प्रयोगच पेरणीच्या पद्धतीचा असेल अन् तिच्यामुळंच रोपं कमी उगवली असतील, तर दुरुस्ती करायची नाही. केली की पद्धतीचा दोषच धुऊन जातो.”

“आप्पा, तेच तर!” ती खुर्ची फिरवून म्हणाली. स्मृतीच्या चाचणीचे दुसऱ्या भेटीतले गुण कोव्हेरिएट म्हणून घाला, असं कुणीतरी तिला सुचवलं होतं. पण गुण घसरतात ते ज्या आजारामुळे मेंदू झिजतो त्याच आजारामुळे. ते ‘दुरुस्त’ केले तर जे मोजायला बसलो तेच पुसलं जातं.

त्या चाचणीबद्दलही बोलायला हवं. ती ३० गुणांची. तिच्यात एक वाक्य लिहायचं असतं, आणि ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून तसं करायचं असतं. न शिकलेल्या म्हातारीचे गुण इथे स्मृती धड असतानाही जातात. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये हिंदीत निराळी चाचणी तयार झाली. तिच्यात तपासणारा म्हणतो, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल काही सांगायचं असतं. किती साधा बदल, आणि किती माणसांना न्याय देणारा!

शिक्षणाचा रकाना आणखीही फसवा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव स्टर्न यांनी मांडलेल्या विचारानुसार शिकलेला मेंदू झीज जास्त काळ पचवतो, लक्षणं उशिरा दिसतात. म्हणजे सारखीच लक्षणं असलेल्या दोन रुग्णांत जास्त शिकलेल्याचा मेंदू जास्त झिजलेला असू शकतो. निरोगी गटात एक चिन्ह आणि आजारी गटात उलटं, असंही येऊ शकतं. शिवाय ही सगळी वजाबाकी मेंदूच्या लाखो ठिपक्यांवर होते, त्यामुळे नुसत्या योगायोगानं ‘महत्त्वाचे’ ठरलेले हजारो ठिपके गाळावे लागतात. एवढ्या चाळण्यांतून जे उरेल त्यावर ‘शिका, मेंदू वाचवा’ असा मथळा देणं मला बेजबाबदारपणाच वाटतो.

शेवटी आलेख. आडव्या अक्षावर शिक्षण, उभ्यावर बदल, मध्ये एक रेषा. वडील म्हणाले, “डावीकडं शून्यापर्यंत ने की. आपल्याकडच्या बायांचं कळंल तरी.” त्यांची आई कधी शाळेत गेली नव्हती. वस्तीवरच्या त्या वयाच्या बहुतेक बायका गेलेल्या नाहीत.

“नाही नेणार,” ती म्हणाली. “त्यांचं कळायचं असेल तर त्यांचे स्कॅन काढावे लागतील, दोनदोनदा. लखनौला काढलेत की.” उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून, आधी आणि नंतर त्यांचे मेंदू पाहिले गेले; तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकणारे २१, न शिकवलेले ९. आकडा लहान, पण माणसं यादीत होती.

तिनं आलेखाखाली ओळ लिहिली: ‘हा अंदाज ६ ते २३ वर्षं शिकलेल्यांपुरताच.’ पुण्याहून निरोप आला होता की खालच्या ओळी फार लांबतात, काही गाळा. तिनं दुसऱ्या दोन गाळल्या, ही ठेवली.