विद्यार्थ्यांनी बांधलेला सेतू

रुग्णाची भाषा वा धर्म पाहून आपण स्टेथोस्कोप कानाला लावीत नाही. आमच्या बेळगावात तर एकाच सकाळी मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणाऱ्या रुग्णांना ‘कुठे दुखते?’ हे विचारावे लागते. दवाखान्याचे दार बंद झाले की मात्र आपण आपापल्या मंडळात परततो. आपली मुलेही नकळत तेच शिकतात. या संदर्भात एका विद्यार्थी परिषदेची हकीकत मननीय वाटते.

१९३१ साली जपानने मांचुरियात सैन्य घुसवले आणि १९३३ मध्ये राष्ट्रसंघ सोडण्याची घोषणा केली. अमेरिकेशी संबंध दिवसेंदिवस बिघडत होते. मुत्सद्द्यांच्या हातून जे घडत नाही, ते आपण करून पाहावे, असे टोकियोतील काही विद्यार्थ्यांच्या मनाने घेतले. केवळ पत्रे लिहून ते थांबले नाहीत. त्यांचे प्रतिनिधी समुद्रमार्गे अमेरिकेस गेले, तेथील विद्यापीठांतून हिंडले आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन परतले. १९३४ मध्ये टोकियोच्या आओयामा गाकुइन या संस्थेत पहिली जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद भरली. दुसऱ्याच वर्षी ओरेगॉन राज्यातील रीड कॉलेजने तिचे यजमानपद घेतले. एक वर्ष जपान, एक वर्ष अमेरिका असा क्रम सुरू झाला.

या परिषदेचे मर्म तिच्या रचनेत आहे. सहभागी विद्यार्थीच आपल्यातून पुढील वर्षाची कार्यकारिणी निवडतात. विषय, स्थळ आणि कार्यक्रम तीच ठरवते. काही आठवडे सारे एकत्र राहतात, प्रवास करतात, चर्चेला बसतात. भाषण ऐकून घरी जाता येते. सहवासात मात्र मतभेद टाळता येत नाहीत, ते समजून घ्यावे लागतात.

मग या परिषदेने युद्ध टाळले काय? नाही. १९४० नंतर ती बंद पडली आणि १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बर घडले. एवढ्यावरून संवाद व्यर्थ ठरतो, असे म्हणणारे म्हणोत. परंतु १९३९ आणि १९४० च्या परिषदांत सहभागी झालेला किइची मियाझावा हा तरुण १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शांतता परिषदेस जपानच्या शिष्टमंडळाबरोबर उपस्थित होता. पुढे १९९१ ते १९९३ या काळात तो जपानचा पंतप्रधान झाला. परिषदही १९४७ मध्ये, पराभवाच्या राखेतून, पुन्हा उभी राहिली. हेन्री किसिंजर हे १९५१ च्या परिषदेचे सदस्य. त्यांच्या राजकारणाविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. परिषदेला बसलेला प्रत्येक जण शांतिदूत होतो, असा दावा कोणी करू नये. लस घेतली म्हणून साथ येतच नाही, असे नाही. पण साथ ओसरल्यावर सावरणारे हात शिल्लक राहतात.

आपल्या सीमाभागात भाषेचे दुखणे जुने आहे. त्यावर आपण वडीलधाऱ्यांनी बरीच भाषणे केली. आता सूत्रे मुलांच्या हाती देऊन पाहू या. मराठी, कन्नड, उर्दू माध्यमांतील महाविद्यालयीन मुलामुलींनी दोन दिवस एकत्र राहावे, विषय त्यांनीच निवडावेत. आपण जागा द्यावी, जेवणाचा खर्च उचलावा आणि मागच्या रांगेत बसून ऐकावे. रुग्णाचे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय निदान करू नये, हे तर आपण पहिल्याच वर्गात शिकलो आहोत.