खेळ तोच, मग नियम नवे का?

बुद्धिबळाचे नियम सहसा बदलत नाहीत. मग १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमपुस्तकाच्या नव्या आवृत्त्या का निघतात?

या खेळात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. घाव बसला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखत जितके भक्कम, तितका त्याचा अंक लहान, प्रसंगी ऋणही असे. समजा, योद्ध्याचा अंक १८ व शत्रूच्या चिलखताचा ५ आहे. १८ − ५ = १३, म्हणजे १३ किंवा अधिक दान हवे. चिलखत −१ असेल तर? १८ − (−१) = १९. येथेच गल्लत होते!

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने मोजपट्टीच उलटी केली. तेच चिलखत आता १५ झाले. दानात योद्ध्याचे २ मिळवून १५ गाठायचे, म्हणजे पुन्हा १३च! संभाव्यता तीच, २० पैकी ८. वजाबाकी मात्र गेली.

अर्थात, प्रकाशकाचाही हिशेब असतो. एकदा घेतलेले पुस्तक वर्षानुवर्षे पुरते. नवे काढले तरच जुने गिऱ्हाईक परत येते. म्हणून नवी आवृत्ती पाहताच विचारा, ‘यात सोपे काय झाले?’ उत्तर मिळाले नाही, तर जुन्या पुस्तकावर खुशाल खेळा. ते काही खोटे ठरत नाही.