कॉम्प्युटर बदलण्याआधी

भामरागड किंवा सिरोंच्याकडे गाडी अडकली की आधी अंतराचा हिशेब करावा लागतो. कंपनीचं वर्कशॉप चंद्रपूरला, नाहीतर थेट नागपूरला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा मुलखात जागच्या जागी बिनचूक निदान करणारा वायरमन असणं फार मोलाचं.

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. या निकषांच्या गाड्यांत इंजेक्टर, पेट्रोल पंपाचा रिले, रेडिएटरचा पंखा असं बरंच काही आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर चालवतो. यातलं काही बंद पडलं की ‘ईसीएम गेला’ असं पटकन सांगितलं जातं आणि गाडीमालकाचे हजारो रुपये जातात. माझं ठाम मत असं की आधी संशय घ्यावा तो वायर, कपलर आणि अर्थिंगवर. इथली हवाच त्यांच्या वाईटावर असते. घुग्गुस-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची धूळ, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा, मग चार महिने ओल. शिवाय धानाच्या कोठाराशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात.

ईसीएम बहुतेक ठिकाणी प्लस देत नाही, मायनस देतो, हे एकदा नीट समजलं की अर्धं काम झालं. रिलेच्या कॉइलला एका बाजूने फ्यूजमधून प्लस मिळतो. दुसरी वायर ईसीएमकडे जाते. ईसीएम ती आतून अर्थ करतो, तेव्हाच रिले ओढतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हमखास येणारी तक्रार घ्या. गाडी गरम होते, पंखा फिरत नाही, स्कॅनरवर पी०४८० हा कोड येतो. हा कोड पंख्याच्या कंट्रोल सर्किटचा. सर्किट अपेक्षेप्रमाणे वागत नाही एवढंच तो सांगतो. नेमका कोणता भाग गेला ते सांगत नाही. कपलर जोडलेलाच ठेवून ईसीएमकडे जाणाऱ्या त्या वायरवर मीटर लावा. पंखा बंद असताना तिथे बॅटरीइतके, साधारण १२ व्होल्ट दिसायला हवेत, कारण ते कॉइलमधून येतात. शून्य दिसलं तर फ्यूज, कॉइल किंवा मधली वायर तुटलेली आहे, नाहीतर ती वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. मग स्कॅनरवरून पंखा चालू करण्याची आज्ञा द्या. आकडा शून्याजवळ आला म्हणजे ईसीएमने आपलं काम केलं. आता रिले, पंख्याची मोटर आणि तिची अर्थिंग पाहायची. आज्ञा देऊनही १२ तसेच राहिले, तर हेच माप ईसीएमच्या पिनवर घ्या. तिथे शून्य आणि रिलेजवळ १२ असतील, तर मधली वायर तुटली आहे. दोन्हीकडे १२ असतील तर ईसीएमच्या अर्थिंगकडे वळा.

फसगत होते ती ओहम मोजताना. दहा तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो, कारण तो अगदी किरकोळ करंट सोडतो. पंख्याचा करंट त्या एका तारेतून निभत नाही. म्हणून लोड चालू ठेवून वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजावेत. अर्थिंगच्या बाबतीत बॅटरीच्या मायनसपासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंत ०.१ व्होल्टहून जास्त पडत असेल तर बोल्ट सोडून, गंज खरवडून पुन्हा घट्ट करावा. बॅटरीच्या टोकाशी हिरवट थर धरलेल्या साध्या रिंगमुळे चार-चार कोड एकदम आलेले मी पाहिले आहेत.

सुईने इन्सुलेशन टोचायची सवय मात्र सोडायला हवी. त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं. मागून कपलरच्या पिनला अलगद टेकवणारी बारीक पिन वापरावी. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरला साधा टेस्टर बल्ब लावूच नये. तिथे ईसीएम बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्ट सोडतो, आणि माणसालाही झटका बसू शकतो.

फ्यूज, लोड, वायर, अर्थ हे चारही निर्दोष ठरले आणि तरी आउटपुट मिळत नसेल, तर ईसीएमचा आतला ड्रायव्हर, म्हणजे वायर अर्थ करणारा भाग, जळालेला असू शकतो. तेव्हाही नवा बसवण्याआधी तो कशामुळे जळाला ते शोधायचं. रिलेची कॉइल किंवा इंजेक्टर आतून शॉर्ट असेल, तर नवा ईसीएमही पहिल्या चावीलाच जाऊ शकतो. पेट्रोलच्या साध्या इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम असायला हवेत. एक-दोनच दिसले तर आधी इंजेक्टर बदला, मगच ईसीएमचा खोका फोडा.